विशेष शिक्षणात कुणाचं पोर कुठे बसतं: न्यू जर्सीतल्या मराठी पालकांनी शाळेला काय विचारावं

आपल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विशेष शिक्षणाचा विषय दोनच प्रकारे निघतो. एक, "मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, पण सासूबाई म्हणतात ह्याचे बाबाही उशिराच बोलले." दोन, "त्या भागात घर घेऊ नका, तिथल्या शाळेत स्पेशल एडची मुलं फार आहेत." दुसऱ्या वाक्यातली मुलं कोणत्या रंगाची, हे कुणी उच्चारत नाही. कळतं मात्र सगळ्यांना.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत रिसोर्स रूममध्ये, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलांना छोट्या गटात शिकवायच्या खोलीत, शिकवते. वर्गात चुळबुळ करणारा, उलट बोलणारा कृष्णवर्णीय मुलगा झटकन वर्तनाच्या रकान्यात जातो. वाचता न येणारं आपलं गप्प पोर "शांत आहे, गणित छान आहे" म्हणून चौथीपर्यंत तसंच पुढे ढकललं जातं. एकाला नको ते लेबल मिळतं, दुसऱ्याला हवी ती मदत मिळत नाही. दोन्हीकडे शाळेने मुलाची गरज तपासायच्या आधी त्याच्याबद्दल मत बनवलेलं असतं. (गावाकडच्या शाळेत "अमक्या वस्तीतलं पोर" म्हणत मागच्या बाकावर बसवायचे, ते आठवतंय ना?) म्हणून हा "त्यांचा" प्रश्न समजू नका.

हा प्रश्न जुना आहे. 1970 साली कॅलिफोर्नियात 'डायना' खटला झाला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे गुण त्या पातळीच्या वर निघाले. पाठोपाठ 'लॅरी पी.' खटला आला. त्या राज्याच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं साधारण एक दशांश होती, पण त्या वर्गांत जवळजवळ पाव. 1979 साली न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना तिथे पाठवण्यासाठी बुद्धिमापन चाचण्या वापरायला मनाई केली. आजच्या आयडीईए या केंद्रीय विशेष शिक्षण कायद्यात चाचणी वंश किंवा संस्कृतीमुळे भेदभाव करणारी नसावी अशी अट आहे, ती या लढायांतून आली.

आधी आकडे मागा

"आमच्या शाळेत भेदभाव नाही" या वाक्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आकडे मागा. कायद्याने प्रत्येक राज्याला डिस्ट्रिक्टनिहाय (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका प्रशासनाखालच्या शाळांचा गट) तपासावं लागतं की कोणत्या वंशाची मुलं किती प्रमाणात विशेष शिक्षणात आहेत, कोणत्या प्रकारात आहेत, सर्वसाधारण वर्गाबाहेर किती आहेत आणि निलंबित किती होतात. त्यासाठीचं गणित घरी करता येतं.

समजा डिस्ट्रिक्टमध्ये 4,000 मुलं आहेत. त्यात कृष्णवर्णीय 500, आणि त्यांच्यापैकी 30 जण भावनिक-वर्तन प्रकारात, म्हणजे 6 टक्के. उरलेल्या 3,500 मुलांपैकी त्या प्रकारात 70, म्हणजे 2 टक्के. सहाला दोनाने भागलं की उत्तर 3: कृष्णवर्णीय मुलाला ते लेबल लागण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट. किती पटीला धोक्याची घंटा वाजवायची, ते राज्य ठरवतं. डिस्ट्रिक्ट त्या रेषेपलीकडे गेलं, तर त्याला केंद्राच्या विशेष शिक्षण निधीतला 15 टक्के भाग मुलांना लवकर मदत देण्याकडे वळवावा लागतो. म्हणून हा आकडा निघाला की बैठकीत सगळे सावरून बसतात.

हेच गणित 'एशियन' रकान्यावरही करा, कारण आपली मुलं त्यात मोजली जातात. तिथे उत्तर एकापेक्षा बरंच कमी आलं, तर आपली मुलं जात्याच निरोगी आहेत असा अर्थ लगेच काढू नका. मदतीपासून किती वंचित राहिली, हेही विचारा. आणि मुलं मोजकीच असतील तर गुणोत्तर एका मुलाने उडी मारतं, तेव्हा निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा.

आकडे राज्याच्या शाळा-अहवालांत आणि केंद्राच्या नागरी हक्क माहिती संकलनात मिळतात. तिथे नसतील तर न्यू जर्सीच्या ओप्रा, म्हणजे सरकारी नोंदी मागण्याच्या, कायद्याखाली अर्ज करा. नावं मागू नका, बेरजा मागा.

मग शिफारशीकडे या

माझं ठाम मत आहे की खरा भेदभाव आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीत होत नाही. तो त्याआधी, शिक्षकाने मुलाचं नाव पुढे पाठवलं किंवा पाठवलं नाही, त्या दिवशी होतो. म्हणून विचारा: या वर्षी शिफारशी कोणत्या इयत्तांतून आल्या? नाव पुढे पाठवण्याआधी वर्गात काय करून पाहिलं, किती आठवडे, आणि त्याची नोंद कुठे आहे? आपल्या राज्यात त्यासाठी शाळेत वेगळा मदत-गट असतो. त्याच्या नोंदीत "वारंवार समज दिली" एवढंच असेल, तर काहीच केलेलं नाही असं समजा.

उलट बाजूने, मूल मागे पडतंय असं वाटत असेल तर शिक्षकांच्या "बघू या" वर थांबू नका. मदत-गटाचं काम चालू आहे म्हणून मूल्यमापन लांबवता येत नाही. चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञ गटाकडे, लेखी विनंती करा. ती पोचल्यापासून 20 दिवसांत बैठक व्हायला हवी. ईमेल तीन ओळींचा पुरे: मुलाचं नाव, काय दिसतंय, आणि "मी विशेष शिक्षणासाठी मूल्यमापनाची विनंती करत आहे." तोंडी विनंतीला तारीख नसते.

भाषा

घरी मराठी असेल तर प्रवेशाच्या फॉर्मवर तसं लिहा. "नको बाई, उगाच ईएसएलमध्ये टाकतील" (म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात) म्हणून इंग्रजी लिहिणारे बरेच आहेत, आणि मग मूल्यमापन करणाऱ्याला मुलाची दुसरी भाषा दिसतच नाही. शक्य असेल तोवर मूल्यमापन मुलाच्या भाषेतून करणं शाळेवर बंधनकारक आहे. मराठीतली प्रमाणित चाचणी हाताशी नसतेच, तेव्हा दुभाषा मागा आणि अहवालात तसं नमूद करायला सांगा. आजीशी मराठीत गोष्ट सांगतानाही वाक्य अडत असेल, तर तो पुरावा आहे. फोनवर रेकॉर्ड करून न्या.

शिस्त

इथे सगळ्यात जास्त लपवाछपवी चालते. 2017-18 च्या केंद्रीय आकडेवारीत अपंगत्व असलेली मुलं एकूण विद्यार्थ्यांच्या 13 टक्के होती, पण ज्यांना शाळेत शरीराने धरून-दाबून ठेवलं त्यांत 80 टक्के. निलंबन शाळेच्या 10 दिवसांपलीकडे जात असेल, तर ते वर्तन अपंगत्वातून आलं का, याची बैठक शाळेला घ्यावी लागते. त्यातून सुटायची पळवाट म्हणजे दुपारचा फोन: "आज त्याचा मूड नाही, लवकर घेऊन जाता का?" अशी पाठवणी निलंबनाच्या नोंदीत येत नाही. 2022 साली केंद्रीय शिक्षण खात्याने यावर स्पष्ट मार्गदर्शन दिलं. तुमच्या शेजारच्या मुलाच्या आईला असे फोन येत असतील, तर तिला सांगा: प्रत्येक वेळी "आज 12:40 ला तुमच्या सांगण्यावरून मुलाला घरी नेलं" असा ईमेल शाळेला पाठव.

तिला आणखी एक सांगा. आपल्यातले पुष्कळ जण हजारो डॉलर मोजून खासगी तज्ज्ञाकडून मूल्यमापन करून घेतात आणि बैठकीत फाइल आपटतात. दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला हे जमत नाही. पण शाळेचं मूल्यमापन मान्य नसेल, तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागण्याचा हक्क तिलाही आहे. विनंती आल्यावर डिस्ट्रिक्टने एक तर खर्च उचलायचा किंवा 20 दिवसांत सुनावणी मागायची. ही माहिती तुमच्यापाशी असून तिच्यापाशी नसणं, हाही विषमतेचाच भाग आहे.

बैठकीत

न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणासाठी पालकांचा सल्लागार गट ठेवावाच लागतो. पुष्कळ ठिकाणी तो कागदावर असतो, किंवा ज्यांना मंगळवारी सकाळी दहाला सवड असते त्या चार जणींचा असतो. त्यात जा. पहिल्याच दिवशी "वांशिक भेदभाव" हा शब्द टाकलात तर अधिकारी वकिलाला विचारून बोलायला लागतील. गुणोत्तराचा कागद पुढे ठेवा आणि कारण विचारा. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पालकांच्या वतीने बोलू नका. बैठक संध्याकाळी ठेवायला लावा, स्पॅनिश दुभाषा आणि मुलं सांभाळायला माणूस मागा, म्हणजे ते स्वतःच येऊन बोलतील. गट नावापुरताच असेल, तर तो उभा कसा करायचा यासाठी राज्यातली 'स्पॅन' ही पालकांची संस्था मदत करते. पहिल्या बैठकीचा विषय लेखी द्या: गेल्या तीन वर्षांचे वंशनिहाय आकडे, शिफारशी आणि निलंबनं, दोन्ही.