ठिपका म्हणजे गुंठा: सॅटेलाइट फोटोवरून शेताच्या मातीचा नकाशा कसा करायचा

आपल्याकडं एकाच गटात तीन जमिनी निघतात, वरच्या अंगाला मुरमाड, मधी मध्यम आणि खाली ओढ्याकडं भारी काळी, तरी आपण अख्ख्या गटाची माती एका पिशवीत कालवून लॅबला देतो आणि मग जो रिपोर्ट येतो तो धड वरच्या तुकड्याचा नसतो, धड खालच्याचा. परभणीकडं आमचं पावणेचार एकर आहे, त्याचंही असंच चाललं होतं. मग मी सॅटेलाइटचे फोटो बघून शेताचे भाग पाडले, ते कसं ते सांगतो. खर्च शून्य, फक्त नेट पाहिजे. कॉम्प्युटर असला तर बरं, मोबाईलवर डोळे फुटतात.

युरोपवाल्यांचे सेंटिनेल-२ नावाचे सॅटेलाइट आहेत, पहिला २०१५ ला सोडला. दर पाच दिवसांनी आपल्यावरून एक चक्कर होते आणि फोटो सगळ्यांना फुकट. त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१. म्हणजे एक ठिपका एक गुंठा धरा, एकराला चाळीस ठिपके, हिशोब तोंडपाठ.

आधी गूगल अर्थमध्ये बांधाबांधानं शेताची हद्द आखून केएमएल फाइल सेव्ह करा. कोपरा कुठं हे कळत नसेल तर महाभूनकाशा या सरकारी जमीन-नकाशाच्या साइटवर गट नंबर टाकून आकार बघून घ्या. मग कोपर्निकस ब्राउजर, म्हणजे हे फोटो दाखवणारी वेबसाइट, उघडा, फाइल टाका, सेंटिनेल-२ एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेला फोटो) निवडा आणि ढगाचं प्रमाण एकदम कमी ठेवा.

आता खरी गोम तारखेत आहे. माती बघायची तर रान उघडं पाहिजे, म्हणजे मार्च संपता संपता ते मे, हरभरा-ज्वारी निघालेली, पाऊस नाही. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणा सांगणारा आकडा, लावून बघा, साधारण ०.२ च्या खाली असेल तर हिरवं काही उभं नाही. पण वाळलेली पऱ्हाटी आणि धसकटं एनडीव्हीआयला दिसत नाहीत, ते तुमचं तुम्हाला आठवलं पाहिजे. मी पहिल्यांदा एप्रिलचा मस्त साफ फोटो घेतला आणि सगळं शेत काळंभोर, मला वाटलं वा, आपली जमीन एक नंबर! नंतर ध्यानात आलं की दोन दिवस आधी अवकाळी झाला होता. ओली माती काळी दिसते, मुरूम असला तरी.

म्हणून एका फोटोवर जाऊ नका, तीन-चार उन्हाळ्यांचे फोटो घ्या आणि दरवर्षी त्याच जागी काय दिसतं ते बघा. अजून एक, रंग जिथं सरळ रेषेत बदलतो तिथं बहुतेक माणसाचा हात असतो, अर्धं नांगरलंय अर्धं राहिलंय असं काहीतरी. माती सहसा सरळ रेषेत बदलत नाही, ती उताराच्या अंगानं वळत जाते.

उजळ पट्टा म्हणजे हलकी, मुरमाड किंवा चुनखडीची, आणि गडद म्हणजे भारी, असा पहिला अंदाज. पण गडद म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर असं अजिबात समजू नका, आपली काळी माती बेसाल्टचा खडक झिजून झालेल्या चिकणमातीनं काळी आहे आणि कर्ब कमी असला तरी ती काळीच दिसते. एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) तर सॅटेलाइटला दिसतच नाही, कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर हात जोडा.

खोलीही दिसत नाही, फोटो फक्त वरच्या कातडीचा. त्याला एक युक्ती आहे. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की त्या दिवसांचा एनडीव्हीआय बघा, उथळ जागेवरचं सोयाबीन आधी मान टाकतं. उन्हाळ्यात उजळ आणि खंडात पिवळं, तर मुरूम जवळ आहे. उन्हाळ्यात गडद असून पीक कमजोर, तर पाणी साचतंय का, जमीन चोपण (क्षारानं घट्ट झालेली) आहे का ते जाऊन बघा.

हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून कागदावर दोन-तीन भाग पाडा, जास्त नको. बांधाकडेचे ठिपके सोडा, त्यात लिंब-बाभळीची सावली मिसळते.

मग टिकाव घेऊन रानात. प्रत्येक भागात आठ-दहा जागी इंग्रजी व्ही सारखा २० सेंटिमीटरचा खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. भागागणिक वेगळी पिशवी आणि पिशवीत चिठ्ठी. शिवाय प्रत्येक भागात एक खोल खड्डा मारा, आमच्या वरच्या तुकड्यात नऊ इंचावर मुरूम खणखणला आणि खाली साडेतीन फुटाला पण नाही.

मधल्या भागात दोन ठिपके दरवर्षी उजळ दिसायचे, मी चुनखड म्हणून गोल करून ठेवला होता. चुलते काठी टेकत आले, कागदाकडं बघितलं न बघितलं आणि म्हणले, "अरं तिथं आपलं खळं होतं की, तुझ्या आज्यानं धुम्मस करून करून दगड केलाय त्याचा." टिकाव मारला तर खरंच उडाला. त्या दोन ठिपक्यांवर फुली मारली आणि तिथली माती पिशवीत घेतली नाही.