बालकाने आईला सांगितलेली हकीकत पुराव्यात कशी आणावी

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात ‘मुलीने घरी येऊन मला सांगितले’ हे वाक्य आईच्या सरतपासणीत (सरकारी वकील घेतो त्या पहिल्या तपासणीत) आले की बचावाचे वकील ऐकीव पुराव्याची हरकत घेतात. हरकत निराधार नसते, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ५५ प्रमाणे तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो आणि बालकांच्या कथनासाठी त्यात वेगळा अपवाद नाही. म्हणून हे कथन कोणत्या कलमाखाली आणायचे, हे सरकारी वकिलाने आधीच ठरवावे.

याच अधिनियमाच्या कलम ४ ची, म्हणजे एकाच घटनेचा भाग असलेल्या गोष्टींची, वाट अरुंद आहे. कथन घटनेच्या ओघातच आलेले असावे लागते; रडत धावत आलेल्या मुलीला ती उपयोगी पडेल, रात्री झोपताना सांगणाऱ्या मुलीला बहुधा नाही.

भक्कम वाट कलम १६० ची, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातील कलम १५७ ची. तिथे पूर्वीचे कथन साक्षीला केवळ पुष्टी देते, म्हणून मुलीची साक्ष शक्यतो आधी व आईची नंतर घ्यावी. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य (१९५२) या निवाड्यात आठ वर्षांच्या मुलीने सुमारे चार तासांनी आईला सांगितलेली हकीकत सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली; परिस्थिती पाहता शक्य तितक्या लवकर ती सांगितली गेली का आणि मध्ये पढवायला वाव होता का, ही कसोटी न्यायालयाने लावली. आईची सरतपासणी याच दोन मुद्द्यांवर बांधावी : मुलगी किती वाजता आली, घरात कोण होते, विषय कोणी काढला. ‘त्याने काही केले का?’ असे आईनेच विचारले असेल, तर ते लपवू नये. उलटतपासणीत ते निघतेच. मुलीचे शब्द तिच्याच बोलीत नोंदवून घ्यावेत, कारण पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘लैंगिक अत्याचार’ घातला की आईची साक्ष तिथेच ढासळते.

मुलगी न्यायालयात गप्प राहिली, तर घाईने साक्ष संपवू नये. पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम ३३ नुसार मधूनमधून विश्रांती आणि विश्वासातल्या नातेवाइकाची उपस्थिती मागता येते. तरीही ती बोलली नाही, तर पुष्टी देण्यासाठी साक्षच उरत नाही. अशा वेळी आईने स्वतः पाहिलेले, म्हणजे मुलीची अवस्था, कपडे, जखमा आणि रडणे, हे ऐकलेल्या हकीकतीपासून वेगळे काढून विचारावे. तो भाग प्रत्यक्ष पुरावा असतो.