गावच्या पिण्याच्या पाण्याबाबत या चुका टाळा

पावसाळा लागताच एखाद्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढले, की ग्रामपंचायतीकडून ठरलेले उत्तर मिळते : ‘टीसीएल तर आम्ही रोज टाकतो.’ टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. ती टाकली जाते हे खरेच असते. पण ती कशी टाकली आणि शेवटच्या नळाला क्लोरिन किती उरला, हे कोणी पाहिलेले नसते.

पहिली चूक पावडर ठेवण्यातच होते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरिन असतो. पंपघराच्या ओलसर कोपऱ्यात तोंड उघडे टाकलेल्या पोत्यात तो झपाट्याने घटतो, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर शुद्धीकरणाच्या कामाची राहत नाही. त्यात ती मूठभर, कोरडीच टाकीत भिरकावली जाते. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो, एवढे मोजायला किराणा दुकानाचा काटाही पुरतो. प्लास्टिकच्या बादलीत पावडर कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळी टाकी भरत असताना ओतावी आणि अर्धा तास पाणी सोडू नये. हा अर्धा तास नव्या कर्मचाऱ्यांना फार जड जातो. पोते उघडल्याची तारीख मी त्याच्यावरच लिहायला लावतो.

दुसरी चूक म्हणजे ओटी चाचणी फक्त टाकीखालच्या नळावर घेणे. या चाचणीत पाण्यात औषधाचे थेंब टाकतात; क्लोरिन उरला असेल तर पाणी पिवळे होते. एका गावात नोंदवहीत रोज पिवळा रंग नोंदलेला होता, तरी खालच्या आळीत उलट्या-जुलाब थांबत नव्हते. सरपंचांनी सुचवले, ‘डोस दुप्पट करू.’ तसे केलेही गेले. वरच्या घरांना पाण्याचा इतका उग्र वास आला, की तिथल्या बायकांनी नळ सोडून जुना आड गाठला. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळावर मात्र ओटीचे थेंब टाकूनही पाण्याला रंग चढेना. वाटेतल्या व्हॉल्व्हचा खड्डा शेजारच्या मोरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला होता आणि व्हॉल्व्हचे पॅकिंग झिजले होते. पुरवठा दिवसाला तासभर. तो थांबून नळातला दाब उतरला, की खड्ड्यातली घाण आत ओढली जाई, आणि दुसऱ्या दिवशी उरलासुरला क्लोरिन तिच्यावरच खर्च होई. पॅकिंग बदलले, मोरी वळवली, खड्ड्याला कठडा बांधून झाकण बसवले, तेव्हा रंग दिसू लागला. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन मिळायला हवा, म्हणून मी चाचणीची सुरुवात तिथूनच करतो आणि टाकीकडे शेवटी जातो.

तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. आरओचा जार थंड असतो, एवढ्यावरून तो शुद्ध ठरत नाही. घरात माठात पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

जंतुतपासणीच्या एचटूएस बाटलीबाबतची घाई तर मला अजिबात सहन होत नाही. या बाटलीत दूषित पाणी काळे पडते; पण दोन तासांत काळे पडले नाही म्हणून ‘पाणी चांगले आहे’ असा शेरा मारणारे मी पाहिले आहेत. बाटली उबदार जागी 24 ते 48 तास ठेवावी लागते. त्यातच पाणी भरण्याआधी बाटली विसळून घेणारेही भेटतात, आणि आतले औषध तिथेच मोरीत जाते.