सारखं बंद पडणारं पॉवर टूल आणि वॉरंटीचा क्लेम

काउंटरवर कितीही वाद घातला तरी वॉरंटीचा निकाल लागतो तो आत, मशीन उघडल्यावर. मेकॅनिक आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) बाहेर काढतो, त्याचा रंग बघतो, वास घेतो आणि जॉब शीटवर (सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर) शेरा मारतो: पार्टमध्ये दोष, नाहीतर ओव्हरलोड. खर्च कोण करणार ते त्या शेऱ्यावर ठरतं. म्हणून मशीन हातातून सोडण्याआधी बिघाड साधारण कुठे आहे हे आपल्याला कळलेलं हवं आणि ते कागदावरही आलेलं हवं.

घेतल्या दिवशी

बिल बहुधा थर्मल कागदावर छापलेलं असतं आणि काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडतात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. नेमप्लेटचाही काढा, सिरियल नंबर स्पष्ट वाचता येईल असा. ग्राइंडरवरचं स्टिकर घाम आणि धूळ लागून पुसट होतं, आणि नंबर वाचता येत नसेल तर क्लेम घेतला जाणार नाही ही अट बहुतेक वॉरंटी कार्डांवर असते. कॉर्डलेस सेट असेल तर बॅटरी आणि चार्जर यांचे नंबर वेगळे टिपा. त्यांची वॉरंटीही वेगळी असते; बॅटरीची सहसा टूलपेक्षा कमी मुदतीची.

कार्डावर तीन गोष्टी शोधा. वाढीव वॉरंटीसाठी ऑनलाइन नोंदणी लागते का? बऱ्याच कंपन्या खरेदीनंतर साधारण महिन्याभराचीच मुदत देतात, ती हुकली की फक्त मूळ वॉरंटी उरते. मशीन घरगुती वर्गातलं आहे का? असेल तर व्यावसायिक कामासाठी वापरल्यावर वॉरंटी जाते. आणि वॉरंटी तुमच्या देशात चालते का? बाहेरून आणलेल्या मशीनला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावेलच असं नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत मशीन नीट दमवून बघा. सगळे स्पीड, उलट-सुलट फिरणं, हॅमर मोड, दोन्ही बॅटऱ्या एकदा पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवणं. पहिल्या काही दिवसांतच दोष दिसला तर सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, आधी विक्रेत्याकडे जा आणि बदलून मागा. एकदा मशीन उघडून दुरुस्त झालं की बदलून मिळण्याची शक्यता फार कमी होते.

बिघाड ओळखणं

मशीन चालवून बघायचं असेल तेवढी वेळ सोडली तर खालचं काहीही करताना प्लग सॉकेटमधून काढलेला हवा, कॉर्डलेस असेल तर बॅटरी बाहेर. मशीनची बॉडी उघडायची नाही. बॉडीचे स्क्रू फिरलेले दिसले की वॉरंटीचा विषय तिथेच संपतो.

मशीन अजिबात सुरू होत नसेल तर आधी दुसरं सॉकेट आणि दुसरं एखादं उपकरण लावून बघा. हे सांगायची गरज नसावी, पण सर्व्हिस सेंटरला येणाऱ्या मशीनांत ठणठणीत मशीनही असतात. मग वायर. ती मधे क्वचितच तुटते, तुटते ती हँडलमध्ये शिरते तिथे, रबरी बुटाच्या तोंडाशी, कारण कामात ती तिथेच सारखी वाकते. वरचं आवरण शाबूत असतं, आतले तांब्याचे तार एकेक करून तुटलेले असतात. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून प्लगच्या दोन पिनांना लावा, ट्रिगर दाबून धरा. साध्या ब्रशवाल्या, म्हणजे कार्बनच्या छोट्या ठोकळ्यांतून वीज घेणाऱ्या, मोटरवर काही ओहमपासून वीस-तीस ओहमपर्यंत रीडिंग येतं आणि चक हाताने हळू फिरवला की ते थोडं वरखाली होतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर बुटापाशी वायर हलवून बघा. रीडिंग येऊन-जाऊन राहिलं तर दोष वायरचा. हलवूनही काही आलं नाही तर स्विच किंवा कार्बन. सॉफ्ट स्टार्ट किंवा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल असलेल्या मशीनवर मात्र या रीडिंगवर भिस्त ठेवू नका, तिथे मधलं सर्किट आड येतं.

'मोटर गेली' म्हणून आणलेल्या मशीनांत कार्बन संपलेली मशीन भरपूर असतात. बऱ्याच मॉडेलांना बाजूला दोन गोल प्लास्टिकची झाकणं असतात, ती सपाट स्क्रू ड्रायव्हरने उघडतात आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे काम वापरणाऱ्याचंच धरलेलं असतं. कार्बनवर मर्यादेची रेघ असेल तर तिच्यापर्यंत, नसेल तर ५-६ मिलिमीटरपर्यंत झिजला की बदला. ऑटो-स्टॉप कार्बनमध्ये स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी पिन असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येते आणि कॉम्युटेटरशी (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर कार्बन टेकतात) संपर्क तोडते. मशीन काम करता करता एकदम गप्प होतं, ना वास ना धूर. नवे कार्बन जोडीनेच घाला, एक जुना एक नवा चालत नाही. होल्डरमध्ये ते सहज सरकले पाहिजेत, अडकत असतील तर आतली काळी भुकटी कोरड्या ब्रशने काढा. घातल्यावर काही मिनिटं लोड न देता चालवा म्हणजे त्यांची तोंडं कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतात. कार्बन ही झिजेची वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. तेवढ्यासाठी क्लेम करून आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

ठिणग्यांकडे नीट बघा, त्या बरंच सांगतात. कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणग्या नेहमीच्या आहेत. नवे कार्बन घातल्यावर पहिले काही मिनिटं त्या जरा जास्त दिसतात, तेही ठीक. पण कॉम्युटेटरभोवती पिवळ्या-नारिंगी ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरत असेल आणि सोबत मशीनची ताकद कमी झाली असेल तर आर्मेचरच्या एखाद्या कॉइलमध्ये शॉर्ट किंवा तुटलेला जोड असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मशीन थांबवा. 'अजून चालतंय तोवर चालवू' म्हणत राहिलं की एका कॉइलचा दोष सगळ्या वाइंडिंगमध्ये पसरतो आणि कंपनीचा दोष म्हणून जे दाखवता आलं असतं ते ओव्हरलोड म्हणून नोंदवलं जातं.

आवाज बदलला, किणकिण किंवा शिट्टी येऊ लागली तर बेअरिंग. खालच्या-वरच्या दोन्ही दिशांनी स्पिंडल हलवून बघा, खेळ जाणवला तर लगेच दाखवा. झिजलेलं बेअरिंग तसंच चालवलं की आर्मेचर फील्डला (मोटरमधल्या न फिरणाऱ्या वाइंडिंगला) घासतं आणि एका किरकोळ पार्टच्या जागी तीन पार्ट जातात. रोटरी हॅमर फिरतो पण ठोकत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मोडची नॉब पूर्ण बसली आहे का बघा. थंडीत ग्रीस घट्ट होऊनही हे होतं. काही मिनिटं नुसतं चालवल्यावर ठोका सुरू झाला तर बिघाड नाही. तरीही ठोकत नसेल तर पिस्टनवरचा ओ-रिंग (रबरी कडं) झिजलेला असण्याची शक्यता आहे.

जळण्याचं खरं कारण बरेचदा एक्स्टेंशन असतं

०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण २५ ओहम. ३० मीटरच्या बोर्डात वीज जाऊन परत येते, म्हणजे तार ६० मीटर, रोध दीड ओहम. १० अँपिअर ओढणाऱ्या मशीनला तिथेच १५ व्होल्ट कमी पडतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर हाच आकडा ५ व्होल्टच्या आसपास येतो. व्होल्टेज पडलं की मोटर हळू फिरते, तिच्यावरचा पंखाही हळू फिरतो, आपण हाताने जोर वाढवतो आणि वाइंडिंग तापत जातं. रीळवरचं एक्स्टेंशन गुंडाळलेलंच वापरलं तर तार स्वतःही तापते, ते पूर्ण सोडूनच वापरा. मेकॅनिकला मशीन उघडल्यावर दिसतो तो फक्त परिणाम: आर्मेचर आणि फील्ड दोन्ही सारखे काळे, पंखा वितळलेला, वॉर्निशचा जळका वास. हे चित्र म्हणजे ओव्हरलोड, आणि इथे वाद जिंकणं जवळपास अशक्य. याउलट बाकी वाइंडिंग स्वच्छ आणि एकच कॉइल काळी, किंवा कॉम्युटेटरच्या एकाच पट्टीपाशी जोड सुटलेला, हे दिसलं तर कारखान्यातल्या दोषाचा मुद्दा जोरात मांडता येतो.

बॅटरी

बॅटरी बिघडली की टूल, हे अदलाबदल करून ठरतं: तीच बॅटरी त्याच प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे तीच बॅटरी बसणाऱ्या, दुसऱ्या टूलमध्ये, दुसरी बॅटरी याच टूलमध्ये. '१८ व्होल्ट'च्या लिथियम-आयन पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे २१ व्होल्ट. काही पॅकवर '२० व्होल्ट मॅक्स' लिहितात, ते याच पाच सेलचे असतात. बॅटरी रिकामी करून महिनोन् महिने ठेवली तर व्होल्टेज इतकं खाली जातं की चार्जर ती घ्यायलाच नकार देतो. तो नकार सुरक्षेसाठी असतो. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून तिला 'जागं' करण्याचे व्हिडिओ दिसतात, तो उद्योग करू नका. आग लागू शकते आणि वॉरंटीही जाते. गरम बॅटरी चार्जरवर लावली तर तो थांबून राहतो, दिवा वेगळा लुकलुकतो. अर्धा तास थंड होऊ द्या आणि मगच तक्रार आहे का ते ठरवा. ठेवून द्यायची असेल तर अर्धी चार्ज करून, गाडीत किंवा उन्हात नको.

तक्रार कशी लिहायची

अधूनमधून येणारा बिघाड सगळ्यात त्रासाचा. काउंटरवर मशीन मस्त चालतं आणि शेरा पडतो 'दोष आढळला नाही'. म्हणून बिघाडाचा व्हिडिओ हवा, एकाच सलग टेकमध्ये: आधी नेमप्लेट, मग मशीन चालू, मग बिघाड. जॉब शीटवर नुसतं 'चालत नाही' लिहून देऊ नका. असं लिहा:

'मॉडेल अमुक, सिरियल नंबर अमुक, खरेदी अमुक तारखेची, बिलाची प्रत सोबत. लोड न देता १० मिनिटं चालवल्यावर मशीन आपोआप बंद पडतं, १५ मिनिटं थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतं. कार्बन तपासले, लांबी ठीक आहे. दुसऱ्या सॉकेटवर आणि एक्स्टेंशनशिवायही हेच होतं. मशीन उघडलेलं नाही. व्हिडिओ ईमेलने पाठवला आहे. कृपया १० मिनिटं सलग चालवून तपासावं.'

यातले आकडे तुमच्या मशीनचे घाला. शेवटच्या ओळीला विशेष महत्त्व आहे, कारण तपासणी बरेचदा एखाद्या मिनिटात उरकते.

देताना बिट, डिस्क, जादा हँडल, पेटी काढून घ्या. जे सोबत देताय ते जॉब शीटवर लिहून घ्या. बाहेरून पुसा, आत हवा मारू नका. कुरिअरने पाठवायचं तर बॅटरीबद्दल आधी विचारा. क्षमता व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर अशी निघते: १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर, ६ ची असेल तर १०८. वाहतुकीचे नियम १०० वॉट-अवरच्या वर कडक होतात. फुगलेली बॅटरी कुरिअरने पाठवूच नका.

क्लेम नाकारला तर

तोंडी उत्तरावर परत फिरू नका. लेखी कारण मागा, जळालेल्या पार्टचा फोटो मागा आणि विचारा: आर्मेचर जळलं की फील्ड, की दोन्ही? जळणं सगळीकडे सारखं आहे की एका कॉइलपुरतं? दुरुस्तीचे पैसे भरायची वेळ आली तर जुना पार्ट परत हवा असं आधीच सांगा. नाकारलेल्या क्लेमवर तपासणी शुल्क लागतं का, हे मशीन देतानाच विचारायचं असतं. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, फोन नको. सोबत जॉब शीट, फोटो, व्हिडिओ. विक्रेत्याची जबाबदारी कंपनीच्या वॉरंटीहून वेगळी असू शकते, ती तुमच्याकडच्या ग्राहक कायद्यात बघा. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला तर दुरुस्ती मागू नका, तिन्ही जॉब शीट जोडून बदली किंवा पैसे परत मागा. जॉब शीट सांभाळायची ती याचसाठी.

मशीन परत घेताना सही करण्याआधी तिथेच चालवून बघा, जितक्या वेळाने बिघाड यायचा तितका वेळ. कुठला पार्ट बदलला, त्याला वेगळी वॉरंटी आहे का, हे शीटवर लिहून घ्या. दुरुस्तीने मूळ वॉरंटी बहुधा नव्याने सुरू होत नाही. मशीन सेंटरमध्ये पडून होतं ते दिवस मुदतीत वाढवून मिळतात का, तेही तिथेच विचारून लिहून घ्या.