अडलेला शब्द बाहेर काढताना: स्ट्रोकनंतरच्या अफेजियासाठी घरचा सराव

समोर किल्ली दिसते, ती कशाला लागते हेही कळतं, पण ‘किल्ली’ हा शब्द काही केल्या तोंडात येत नाही. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूच्या, भाषेच्या भागाला इजा झाली की असं होतं. याला अफेजिया किंवा वाचाघात म्हणतात. घरचे एक तर लगेच शब्द पुरवतात, नाही तर ‘सोपं तर आहे, म्हणा ना’ म्हणत मागे लागतात. दोन्ही टाळायचं, कारण सराव शब्द शोधण्याचा आहे.

खालची पद्धत समज बऱ्यापैकी शाबूत असलेल्यांसाठी आहे. स्पीच थेरपिस्टकडून आधी तपासणी करून घ्या.

शब्द निवडताना बालवाडीचे तक्ते बाजूला ठेवा. सत्तर वर्षांच्या माणसाला ‘अननस’ म्हणायला लावून काय साधणार? ज्या शब्दांचा सराव होतो, सुधारणा मुख्यतः त्याच शब्दांत दिसते. म्हणून रोज लागणारे दहा शब्द घ्या: चष्मा, गोळी, पंखा, किल्ली, नातवाचं नाव. त्यांतले तीन-चार हमखास येणारे असू द्या. घरात मालवणी किंवा अहिराणी बोलत असाल तर शब्दही तेच. शक्य तिथे चित्राऐवजी खरी वस्तू घ्या आणि ती रुग्णाच्या थोडी डावीकडे ठेवा, कारण अशा स्ट्रोकमध्ये कधीकधी उजवीकडचं दिसत नाही. चष्मा, कवळी, कानाचं मशीन लावलेलं हवं, टीव्ही बंद. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, थकण्याआधी.

वस्तू दाखवून ‘हे काय?’ विचारा आणि दहा सेकंद गप्प बसा. हीच पायरी सगळ्यांत अवघड जाते, रुग्णाला नव्हे, विचारणाऱ्याला. शब्द आला नाही तर उपयोग विचारा, हाताने खूण करायला सांगा: ‘याचं काय करतो आपण?’ तरीही नाही, तर वाक्य अर्धवट सोडा: ‘कुलूप उघडायला हवी…’. मग पहिला उच्चार द्या: ‘कि…’. इथे ‘क-ला पहिली वेलांटी’ असं सांगू नका, तो लिपीचा प्रश्न होतो. आवाजच काढा आणि तोंड दिसू द्या. प, ब, म ओठांवर दिसतात, क आणि ग घशाजवळ तयार होतात, त्यामुळे ‘पंखा’ला ही मदत जास्त उपयोगी पडते. शेवटी पूर्ण शब्द म्हणा, त्यांना तीनदा म्हणू द्या.

शब्द आला म्हणजे काम संपलं नाही. दोन मिनिटांनी तीच वस्तू पुन्हा विचारा, यावेळी एक पायरी कमी मदत देऊन. मग शब्द वाक्यात घाला: ‘पंखा लाव’, ‘पंखा बंद कर’. कोणत्या पायरीवर शब्द आला तो आकडा वहीत लिहा, 1 ते 5. आठवड्याने 5 चा 3 झाला तर ती प्रगतीच.

वाटीला ‘चमचा’ म्हटलं तर ‘चूक’ म्हणू नका. ‘जवळच आहे, यात आमटी घेतो’ म्हणा. मागचाच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला तर वस्तू उचलून ठेवा, मिनिटभर दुसरं काही बोला. जोर केला तर तो शब्द आणखी घट्ट बसतो.

आरती घडाघडा म्हणतात, मग बोलत का नाहीत, मुद्दाम करतात का? नाही. पाठ झालेल्या गोष्टी, आकडे, वार आणि गाणी यांची वाट नव्या वाक्यापेक्षा वेगळी असते. तिचा वापर करता येतो. ‘आज कोणता वार?’ अडलं तर सोमवारपासून म्हणत जाऊन थांबायचं. समजतं पण बोलणं फारच कमी, अशांसाठी बोस्टनमध्ये 1973 च्या सुमारास सुरांची पद्धत तयार झाली: ‘पा-णी-द्या’ दोन सुरांत, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताचा एक ठोका. ती थेरपिस्टकडून शिकूनच करा.

हो-नाहीची उत्तरंही तपासून घ्या. आपली मान अशी डोलते की हो की नाही ते धड माणसाचंही कळत नाही. अंगठा वर-खाली, किंवा ✓ आणि ✗ ची दोन कार्डं बरी.

सहा महिन्यांनंतर काही होत नाही, हे ऐकून सराव सोडू नका. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत सहा महिन्यांहून जुना अफेजिया असलेल्यांना किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त थेरपी दिली, तेव्हा त्यांचं बोलणं सुधारलं. इतके तास थेरपिस्टकडे मिळणं कठीण, म्हणून घरचा सराव.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी. आणि बोलणं अचानक पुन्हा बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर थेट हॉस्पिटल गाठा.