लेथवरच्या कामासाठी नियंत्रण आलेख कसा मांडावा

लेथवर २० मिलिमीटर व्यासाच्या पिना निघत असतील, तर प्रत्येक पीन मोजून सेटिंग हलवत बसण्यापेक्षा वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेल्या मापांचे बिंदू वरच्या-खालच्या मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख, वापरावा. दर तासाला लागोपाठ निघालेले पाच नग घ्यावेत. ट्रेमधून वेचून घेतल्यास नेमके कोणत्या वेळी बिघडले, हे कळण्याची सोयच उरत नाही. मायक्रोमीटरने मोजून पाचांची सरासरी, तसेच सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातील फरक, म्हणजे पल्ला, नोंदवावा.

असे २० ते २५ गट जमल्यावर पल्ल्यांच्या सरासरीला ०.५७७ ने (पाच नगांच्या गटासाठीचा ठरलेला गुणक) गुणून येणारा आकडा एकूण सरासरीत मिळवला आणि त्यातून वजा केला, की सरासरीच्या आलेखाची वरची व खालची मर्यादा मिळते. एकूण सरासरी २०.०१२ आणि सरासरी पल्ला ०.०१० असेल, तर त्या सुमारे २०.०१८ व २०.००६ येतात. पल्ल्याची वरची मर्यादा त्याच्या सरासरीच्या २.११४ पट धरावी आणि पल्ल्याचा आलेख आधी पाहावा, कारण तोच अस्थिर असेल तर सरासरीच्या मर्यादांवर विसंबता येत नाही.

ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, मात्र या आलेखावर आखू नये. तो एकेका नगासाठी असतो, आलेखावर सरासऱ्या असतात. माझ्या मते सर्वाधिक घोळ इथेच होतो.

बिंदू मर्यादेत विखुरलेले असेपर्यंत ऑपरेटरने सेटिंगला हात लावू नये. ते सलग वर सरकू लागले, तर टूलची धार झिजते आहे का, हे आधी तपासावे.