अणुकेंद्रकाचा आकार काढताय? मग निदान या चुका टाळा

जानेवारी उजाडला की एमएस्सीच्या प्रोजेक्टांचे कागद माझ्या नौपाड्यातल्या घरी डायनिंग टेबलावर साठू लागतात. त्यांतले निम्मे तरी न्यूट्रॉन-समृद्ध समस्थानिकांच्या आकारावरचे. मुलांना विषय आवडतो, कारण प्रयोगशाळेत रांग लावावी लागत नाही. लॅपटॉप, फुकट मिळणारा कोड आणि इंटरनेटवरचे तक्ते एवढ्यावर भागतं. चुकाही मग फुकट मिळतात, आणि दरवर्षी त्याच. केंद्रकाचा आकार कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ऊर्जा मोजतात, आयुर्मान मोजतात, त्रिज्या मोजतात आणि त्यावरून आकार काढतात. या काढण्यातच माती खाल्ली जाते.

सगळ्यात लाडकी चूक पाचाची. बी(ई२) म्हणजे केंद्रक दोन ऊर्जा-पातळ्यांमध्ये किती जोमाने उडी मारतं त्याचं माप, आणि या संख्येला दिशा असते. ०+ ही तळाची पातळी, २+ तिच्या वरची (आकडा फिरकीचा). ०+ वरून २+ वर चढतानाचा बी(ई२) हा उतरतानाच्या पाचपट, कारण २+ पातळीला पाच उपपातळ्या आहेत. कूलंब-उत्तेजनाच्या (विद्युत-धक्क्याने केंद्रक वर चढवण्याच्या) प्रयोगांत बहुधा चढता आकडा देतात, आयुर्मानावरून उतरता निघतो, आणि बीटाच्या, म्हणजे आकार गोलापासून किती ढळला ते सांगणाऱ्या आकड्याच्या (शून्य म्हणजे गोल, धन म्हणजे लांबट, ऋण म्हणजे चपटा), नेहमीच्या सूत्रात चढता घालायचा असतो. एवढंच. यात अडण्यासारखं काय आहे हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ठाण्याहून वाशीच्या ट्रान्स-हार्बर गाडीत उभी होते, ऐरोली येत होतं. एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, "मॅडम, मॅग्नेशियम-३२ सुपरडिफॉर्म्ड आहे!!" खाली आलेखाचा फोटो. बीटा १.१५. अरे, सुपरडिफॉर्म्ड म्हणजे लांबी रुंदीच्या दुप्पट, त्यालाही बीटा साधारण ०.६ पुरतो. १.१५ म्हणजे केंद्रक नव्हे, पडवळ. घणसोलीला बसायला जागा मिळाली तशी पर्समधली किराण्याची पावती उलटी केली आणि हिशेब मांडला. त्रिज्या १.२ गुणिले ३२चं घनमूळ, म्हणजे ३.८१ फर्मी (केंद्रकांचं लांबीचं एकक). प्रोटॉन १२. बी(ई२) ४५४ ई-स्क्वेअर-एफएम-फोर. बीटा आला ०.५१. म्हणजे मुळातच चांगलं लांबट केंद्रक; एन (न्यूट्रॉनसंख्या) = २०, म्हणजे केंद्रक गोल असायला हवं अशी 'जादुई' संख्या, असूनही गोल नाही, हीच तर त्याची गंमत. हा ४५४ आकडा जपानमधल्या रिकेनच्या प्रयोगातला, मोटोबायाशी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली छापलेला, आणि तो आधीच चढता आहे. पठ्ठ्याने त्याला पुन्हा पाचाने गुणलं होतं. का, तर "सिनियर म्हणाला होता, नेहमी पाचाने गुणायचं." नेहमी! दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट द्यायचा होता आणि पडवळाचं समर्थन करणारी दोन पानं छापूनही झाली होती.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक बी(ई२) शेजारी लाल पेनाने बाण असतो, वर किंवा खाली. बाण नसलेला आकडा मी वाचतच नाही, मुलं वैतागली तरी. आणि बीटा विचित्र आला तर आधी २.२४ ने, म्हणजे पाचाच्या वर्गमुळाने, गुणून आणि भागून बघा. दोहोंपैकी एक उत्तर शहाण्यासारखं दिसू लागलं की चोर सापडला. बार्नमधला (क्षेत्रफळाचं मोठं एकक) आकडा फर्मीत नेताना दहा हजाराचा घोळ होतो तो वेगळा, पण त्यात उत्तर इतकं हास्यास्पद येतं की मुलांनाही कळतं.

दुसरी चूक घाईची आहे आणि तिचा मला जास्त राग येतो. झिर्कोनियमची साखळी घ्या. झिर्कोनियम-९८ मध्ये पहिली २+ पातळी १२२३ केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) आहे, झिर्कोनियम-१०० मध्ये थेट २१३ वर. ही पातळी इतकी खाली येणं हे लांबट आकाराचं लक्षण. मध्ये फक्त न्यूट्रॉनांची एक जोडी. ऊर्जेच्या आलेखावर गोलाकाराची दरी आणि लांबट आकाराची दरी दोन्ही शेजारी-शेजारी असतात, एन = ६० ला त्यांचा खालवरपणा उलटतो. आता मुलं काय करतात? वेळ वाचवायला ९६च्या उत्तराची तयार फाइल ९८ची सुरुवात म्हणून देतात, ९८ची १००ला. गणित पटापट जुळतं, पण ते आपली चाकोरी सोडत नाही. गोल दरीतून निघालेला हिशेब गोल दरीतच राहतो.

अशाच एका मुलाचा आकारबदल एन = ६२ ला आला आणि त्याने रुबाबात लिहिलं, "आमच्या प्रतिमानानुसार बदल उशिरा होतो." मी म्हटलं, हीच साखळी १०४ पासून खाली उतरत कर. रात्री अकराला फोन. "मॅडम, आता ५८ लाच बदलतंय." अरे बाबा, मग प्रतिमान काय म्हणतंय? ते काहीच म्हणालेलं नाही, तू जिथून निघालास तेच सांगतंय.

नेमक्या गोलापासून सुरुवात करणं तर त्याहून वाईट. पूर्ण सममिती असेल तर हिशेबाला कुठल्याच बाजूला कलायला कारण नसतं. टोकावर उभी केलेली पेन्सिल कागदी हिशेबात कधीच पडत नाही. मी प्रत्येक समस्थानिकाला बीटा −०.३, −०.१, ०.१, ०.३ आणि ०.५ अशा पाच ठिकाणांहून सोडते, रात्री लावून झोपते, आणि सकाळी सगळ्यात कमी ऊर्जेचा घेते. शिवाय बीटावर ऊर्जेचा अख्खा वक्र काढतेच. वक्र न दाखवता "किमान सापडलं" म्हणणाऱ्याला मी चहाही देत नाही.

वक्रावर दोन खड्डे दिसले, एक प्रोलेट (लांबट) आणि एक ऑब्लेट (चपटा), तरी लगेच "दोन आकार एकत्र नांदतात" लिहू नका. पारसिकच्या डोंगराच्या धारेवरून चालत गेलात तर खिंड खड्ड्यासारखीच लागते, पण खिंडीतून दोन्ही बाजूंना जमीन खाली उतरते. तुमचा ऑब्लेट खड्डा गॅमाच्या, म्हणजे तिन्ही अक्ष असमान करण्याच्या, दिशेने तसाच उतरत असेल तर तो खड्डा नाहीच. गॅमा मोकळा सोडून एकदा तपासा. लॅपटॉपला दोन दिवस लागतील, लागू देत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रोलेट केंद्रकाच्या २+ पातळीचा मोजलेला क्वाड्रुपोल (विद्युतभाराची वाटणी गोलापासून किती ढळली त्याचं माप) ऋण येतो. आंतरिक, म्हणजे केंद्रकाबरोबर फिरत पाहिलेल्या, क्वाड्रुपोलचा −२/७. "चिन्ह ऋण, म्हणून ऑब्लेट" असं लिहून गुण घालवलेली मुलं मी मोजायचं सोडलंय.

एएमई२०२० या केंद्रकांच्या वस्तुमान-तक्त्यात ज्या आकड्यापुढे हॅश आहे तो निव्वळ प्रयोगातून आलेला नाही, शेजाऱ्यांवरून अंदाजलेला आहे. त्यावरून दोन-न्यूट्रॉन विलगीकरण ऊर्जेत (दोन न्यूट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेत) आकारबदलाचा बाक दाखवू नका. कॉपी-पेस्ट करताना हॅश गळतो, तिथेच घोटाळा.

४+ पातळीची ऊर्जा भागिले २+ ची हे गुणोत्तर ३.३३ आलं तर घूर्णक (लांबट, फिरणारं केंद्रक), २ आलं तर कंपक (गोल, थरथरणारं), हे पाठ असतं. मग झिर्कोनियम-१०० चं २.६५ आलं की मुलं त्याला अधलामधला ठरवून मोकळी होतात. तिथे दुसरी ०+ पातळी फक्त ३३१ केईव्हीवर आहे. ती तळाच्या ०+ मध्ये मिसळून तिला खाली ढकलते आणि गुणोत्तर बिघडवते. शेजारचं स्ट्रॉन्शियम-९८ बघा, ३.०.

एन = ६० ला सगळीकडेच उडी असते, हेही खोटं. क्रिप्टॉनमध्ये ती नाही, तिथे बदल सावकाश होतो.

याच ३३१ वरून आठवलं. उन्हाळी प्रोजेक्टवर आलेली एक मुलगी जुन्या डेटात आठवडाभर ३३१ केईव्हीची गॅमा-किरणांची रेषा शोधत होती. डिटेक्टरची कार्यक्षमता तपासून झाली, पार्श्वभूमी तीनदा वजा करून झाली, शेवटी "डेटाच खराब असेल" यावर गाडी आली. ०+ वरून ०+ वर एका गॅमाने उतरताच येत नाही; तिथे रूपांतर-इलेक्ट्रॉन (गॅमाऐवजी ती ऊर्जा घेऊन अणूतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन) शोधायचे, नाहीतर मधल्या २+ चा जिना धरायचा. तिला म्हटलं, २१३ ला गेट लाव, म्हणजे २१३ च्या सोबत आलेल्या रेषाच ठेव, आणि खालच्या बाजूला बघ. पाच मिनिटांत ११९ वर (३३१ उणे २१३, दशांशांचा फरक सोडून) रेषा उभी होती.